मंद उजेडातला आवाज

“यांना मशीन कशाला हवंय?” कान तपासणारी बाई म्हणाली, आणि त्याला आधी वाटलं, तिनं दुसऱ्याच कुणाचा कागद हातात घेतलाय. काचेच्या खोलीत आई अजून ते जाड हेडफोन लावून ताठ बसली होती. हातातलं बटण सोडायला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून तिनं ते सोडलं नव्हतं. बाईनं कागद त्याच्याकडे सरकवला. असे कागद वाचण्यातच त्याचा जन्म गेला होता. आडवी फ्रिक्वेन्सी, उभी पातळी, मधून जाणारी एक रेघ. आईची रेघ शेवटाला जरा खाली वळली होती, पण मधला सगळा पट्टा, तीन-चार हजारांच्या आसपासचा, सपाट होता. “अठ्ठ्याहत्तर ना वय? या वयात असे कान मी क्वचित पाहिलेत,” बाई म्हणाली. “त्या ऐकतात सगळं. उत्तर उशिरा देतात, ते वेगळं. गोळ्या कुठल्या चालू आहेत?” त्यानं नावं सांगितली. बाईनं मान हलवली आणि नावं कागदाच्या कडेला लिहून ठेवली.

कानाचं मशीन घ्यायचं म्हणून त्यानं ऑफिसातून अर्धा दिवस काढला होता. हाक मारली की आई हल्ली बघायची, पण ओ द्यायला वेळ लावायची. चमचा हातात तसाच धरून ठेवायची. बायकोनं चारदा सांगितलं तेव्हा तो उठला होता. आता आई बाहेर आली, खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, “त्याचेही बघा कान. तोही हाक मारली की ओ देत नाही.” बाई हसली. मोकळा वेळ होता, म्हणून तिनं त्यालाही काचेच्या खोलीत बसवलं. आत बसल्यावर त्याला बारीक बारीक आवाज ऐकू आले, मग बराच वेळ काही ऐकू आलं नाही, आणि बाहेर बाईचा हात बटणावर हलताना मात्र दिसत होता. बाहेर आल्यावर तिनं त्याची रेघ दाखवली. चार हजारांजवळ ती खड्ड्यात उतरली होती. “आवाजाच्या जागी काम करता का?” तिनं विचारलं. कॉम्प्रेसर, पंखे, भिंतीपलीकडे चाचणीसाठी दिवसरात्र चालणारी यंत्रं, सत्तावीस वर्षं. तो म्हणाला, “थोडंफार.”

“मग तो आवाज?” आईनं मधेच विचारलं.

एरवी तिच्या वतीनं तोच उत्तर देत असे. वय, कानातली किरकिर, डॉक्टरांना सगळं माहीत आहे. पण बाईनं खुर्ची आईकडे वळवली. आई हळूहळू, एकेक शब्द उचलून ठेवावा तशी बोलली. “कानातली किर्र मला ठाऊक आहे. ती कधीमधी येते नि जाते. हा तसला नाही. हा बारीक आहे, एकाच पट्टीत. टेलिफोनच्या लाइनीवर दुसरी लाइन चढली की येतो ना, तसा. बाहेरून येतो.” आईनं तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात काढली होती. हे तिनं बाईला सांगितलं नाही. त्यानंही नाही.

“सगळीकडे येतो?”

“घरीच. माझ्या खोलीत. बहिणीकडे महिनाभर राहिले, एकदाही आला नाही.”

“मग तो कानात नाही, घरात आहे,” बाई म्हणाली, आणि दोघांचे कागद वेगवेगळ्या पाकिटांत घालून तिनं पुढच्या माणसाला हाक मारली.

टॅक्सीत आई खिडकीकडे तोंड करून बसली. तिच्या मांडीवर पाकीट होतं आणि ती ते दोन्ही हातांनी धरून होती. रस्ता खणला होता, गाडी थांबत थांबत चालली होती, आणि तो मनातल्या मनात दोन वर्षं मागं जात होता. आवाज घरात आहे. इतकं साधं वाक्य. कारखान्यात कुणी नवा मुलगा किंवा मुलगी आली की तो पहिल्याच दिवशी हे शिकवायचा: तक्रार आली की आधी विचारा, कुठं येतो, कधी येतो, काय केल्यावर थांबतो. बिघाडाला खोटं ठरवू नका. हे वाक्य तर त्यानं फळ्यावर लिहून ठेवलं होतं. आणि घरी त्यानं पहिल्या आठवड्यातच आईला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं कानात बॅटरी मारली, वय विचारलं आणि मान डोलावली. सहा महिन्यांनी मनाच्या डॉक्टरकडे नेलं, कारण आई खोलीत झोपायला तयार नव्हती, हॉलमधल्या खुर्चीत उशी घेऊन बसायची. त्या डॉक्टरनं तिचं म्हणणं सगळं शांतपणे लिहून घेतलं, आणि गोळ्या दिल्या. गोळ्यांनी आई झोपायला लागली. दुपारीही झोपायला लागली. बहिणीशी रोज फोनवर तासभर बोलणारी बाई फोन वाजला तरी नुसती त्याच्याकडे बघायला लागली. आणि घरातले सगळे म्हणाले, चला, आवाज थांबला.

त्यातला एक महिना तर त्याला आठवायलाही नको होता. मावशीकडे आई गेली आणि तिथं आवाज आला नाही. हे मावशीनं फोनवर त्याच्या बायकोलाच सांगितलं, खुशीत, “इथं कशी छान झोपतेय बघ.” बायको शाळेत भूगोल शिकवायची, वह्यांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसली होती. तिनं फोन ठेवला आणि लाल पेनाचं टोपण लावलं. “म्हणजे आवाज मी आहे,” ती म्हणाली. तो हसला. “अगं, काहीतरीच काय.” “नाही, बरोबर आहे. बहिणीकडे नाही, तुझ्या ऑफिसच्या पार्टीत नाही, दवाखान्यात नाही. फक्त या घरात. इथं त्यांच्याबरोबर जास्त वेळ मीच असते ना?” आई परत आली तेव्हा त्या दोघींमधलं बोलणं गरजेपुरतं उरलं होतं. पाणी हवं का. नको. दिवा मोठा करू का. कर. त्यानं ते पाहिलं होतं, आणि कानाडोळा केला होता. सासवासुनांचं असतंच, असं म्हणून तो स्वतःच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसायचा.

घरी पोचल्यावर आई जेवली आणि पलंगावर टेकली. बायको शाळेतून यायला अजून तीन तास होते. त्यानं ऑफिसात फोन करून उरलेला अर्धा दिवसही घेतला. कपाटातून स्वतःचा जुना हातात मावणारा स्कोप काढला, विजेचे ठोके पडद्यावर रेघेनं दाखवणारा, आणि त्याला जोडायचा एक प्रोब. जाड केबलचं टोक सोलून, त्याचा एकच वेढा करून, वर काळी नळी चढवून त्यानं तो कधीतरी स्वतःच बनवला होता. वस्तूजवळ नेला की आतल्या प्रवाहाची चाहूल लागते, शिवावं लागत नाही. खोलीत विजेच्या वस्तू मोजून चार होत्या. पंखा, मोबाइलचा चार्जर, भिंतीवरचं घड्याळ सेलवर, ते सोडलं, आणि पलंगाजवळचा तो दिवा. दिव्याकडे त्यानं लगेच पाहिलं नाही. आधी चार्जर पाहिला, मग पंख्याचा रेग्युलेटर. दोन्हीकडे चारचारदा प्रोब फिरवला. आपण वेळ काढतोय हे त्याला कळत होतं.

“काय शोधतोयस?” आई म्हणाली.

“तुझा आवाज.”

ती उठून बसली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते त्याला बघवेना. दोन वर्षांत पहिल्यांदा घरातलं कुणीतरी तो आवाज खरा धरून बोललं होतं. “आत्ता येणार नाही,” ती म्हणाली. “पडदे ओढ. दिवा बारीक कर. अगदी बारीक, मी करते तसा.”

पडदे ओढले. दिव्याची गोल खुंटी त्यानं मागे फिरवली, उजेड पिवळसर होत होत पलंगाच्या कडेपुरता उरला. त्याला काहीच ऐकू आलं नाही. रस्त्यावरचा हॉर्न, वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली ती, आणि स्वतःचा श्वास. आईनं बोट वर केलं. “हा बघ. सुरू झाला.” त्यानं प्रोब दिव्याच्या भिंतीतल्या अडॅप्टरजवळ नेला. स्कोपच्या पडद्यावर आतापर्यंत एकसारखी चाललेली रेघ तुटली. पाच-सहा ठोके, मग गप्प; पाच-सहा ठोके, मग गप्प. गठ्ठ्यांमधलं अंतर त्यानं मोजलं. सेकंदाला साडेतीन हजार गठ्ठे. खुंटी थोडी पुढे फिरवली की गठ्ठे जवळ यायचे, आई म्हणायची, “आता वर चढला.” आणखी पुढे नेली की गठ्ठे एकमेकांना चिकटून अखंड रेघ व्हायची, आणि आई म्हणायची, “थांबला.” तो तिच्याकडे पाठ करून खुंटी फिरवत राहिला, कधी पुढे, कधी मागे, न सांगता. ती एकदाही चुकली नाही. चढला. उतरला. थांबला. आला. स्कोप आणि आई एकच गोष्ट सांगत होते, आणि त्या खोलीत ती ऐकू न येणारा तो एकटाच होता.

त्यानं अडॅप्टर भिंतीतून काढला. आई डोळे मिटून बसली. मग म्हणाली, “किती शांत आहे रे.” आणि थोड्या वेळानं, “म्हणजे मला वेड लागलं नव्हतं.”

“नाही,” तो म्हणाला. “अडॅप्टर खराब होता.”

पांढरा, अंड्याएवढा अडॅप्टर. त्याच्या पोटावर काय छापलंय ते वाचायला त्याला चष्मा लागला नसता. आत कुठला ट्रान्सफॉर्मर आहे, किती वेढे आहेत, कुठली तार कुठून वळते, हे तो झोपेतही सांगू शकला असता. तो त्याचाच होता. सात वर्षांपूर्वी त्यानं आखलेला, पहिल्या बॅचमधला एक दिवा त्यानं स्वतः आईला आणून दिला होता, तिला उठताना अंधारात ठेच लागू नये म्हणून. रात्रभर तो अगदी बारीक करून ठेवायची सवय तिला दोन वर्षांपूर्वीच लागली होती. आणि तो खराब नव्हता. तो जसा बनवला होता तसाच वागत होता.

असल्या अडॅप्टरच्या आत एक स्विच सेकंदाला साठ-पासष्ट हजार वेळा चालू-बंद होत असतो. ते कानाच्या पलीकडचं आहे, कुणालाच ऐकू येत नाही. पण दिवा बारीक केला की आतल्या चिपला काम उरत नाही, मग ती वीज वाचवायला मधले ठोके गाळते, गठ्ठ्या-गठ्ठ्यानं काम करते, आणि ते गठ्ठे थेट माणसाच्या कानाच्या टापूत येतात. ट्रान्सफॉर्मरचा गाभा थरथरतो, एक स्वस्तातला सिरॅमिक कपॅसिटर त्याच्या सुरात सूर मिसळतो. यावर उपाय आहेत. गाभा वॉर्निशमध्ये बुडवून सुकवायचा, कपॅसिटर वेगळ्या जातीचा घालायचा, ठोक्याचा जोर कमी ठेवायचा. पहिल्या आखणीत हे सगळं होतं. वॉर्निश सुकायला अर्धा दिवस लागायचा, लाइन अडायची. वॉर्निश काढायचं त्यानंच सुचवलं. कपॅसिटर बदलायचंही. मोठे साहेब मीटिंगमध्ये म्हणाले होते, “याला म्हणतात डोकं.” त्या दिवशी घरी येऊन त्यानं हे वाक्य बायकोला सांगितलं होतं, हात धुता धुता.

बायको आली तेव्हा तो हॉलमध्ये बसला होता. त्यानं सांगितलं. तिनं खांद्यावरची पिशवी काढली नाही. उभ्यानंच ऐकलं, मग खुर्चीच्या कडेवर बसली. “दिव्याचा?” तिनं विचारलं. “त्या दिव्याचा? मी रोज तो दिवा पुसायचे.” मग तिनं विचारलं, “मी त्यांच्या खोलीत गेले की आधी दिवा मोठा करायचे. मी गेले की आवाज थांबत असणार. मग त्यांना वाटत असेल का, मीच तो करते नि मीच थांबवते?” पिशवी तशीच घेऊन ती आत गेली. त्या संध्याकाळी तिनं आईला जेवायला वाढलं आणि पहिल्यांदाच शेजारी बसली. दिवा कंपनीत वाटलेल्यांपैकी एक, एवढंच दोघींना ठाऊक होतं; आतला अडॅप्टर कुणी आखला हे त्यानं सांगितलं नव्हतं. जेवताना बायको म्हणाली, “कंपनीला कळव, असल्या वस्तू विकतात म्हणजे काय!” तो म्हणाला, “कळवतो.” आणि पाणी प्यायला.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात न जाता मास्तरांकडे गेला. मास्तर म्हणजे चाचणी विभागातले जुने तंत्रज्ञ. सगळ्यांच्या रिपोर्टातलं शुद्धलेखन तपासायचे म्हणून मास्तर. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालत होते. त्याला बघून त्यांनी झारी खाली ठेवली, लुंगीला हात पुसले. “साहेब, तुम्ही? बसा. माझं काही चुकलं का?”

“मास्तर, तो मंद होणारा दिवा. आठवतो?”

मास्तरांनी बाल्कनीचं दार लोटून घेतलं. “आठवतो की. गाणारा.”

पूर्ण लोडवर त्या अडॅप्टरची चाचणी झाली तेव्हा पडद्यावरची गोंगाटाची रेघ मर्यादेच्या रेषेखाली व्यवस्थित राहिली होती. नियमाप्रमाणे एवढंच पुरे होतं. पण कंपनीच्या स्वतःच्या फॉर्मात एक रकाना होता, हलका लोड, म्हणजे दिवा बारीक केल्यावरचा. तो त्यानंच कधीकाळी तरुणपणी भांडून घालून घेतला होता. मास्तरांनी लोड कमी केला, अडॅप्टर कानाशी नेला आणि रकान्यात लिहिलं: गातो. “तुम्ही म्हणालात, मास्तर, ही काय गाण्याची परीक्षा आहे? सगळे हसले. मीही हसलो,” मास्तर म्हणाले. “मग तुम्ही म्हणालात, पान परत लिहा. मी लिहिलं. हलका लोड, लागू नाही. माझंच अक्षर आहे, साहेब. सही तुमची.” मग ते म्हणाले, “मला एक दिवा मिळाला होता, सगळ्यांना दिवे वाटले तेव्हा. मी तो घरात लावला नाही. देऊनही टाकला नाही कुणाला. माळ्यावर आहे.”

त्याला वाटलं, मास्तरांनी रागवावं. किंवा निदान असं म्हणावं की त्या वेळी सगळेच असं करायचे. मास्तरांनी त्याला चहा विचारला, आणि आईच्या तब्येतीबद्दल विचारलं, कारण ते नेहमीच विचारायचे. “बरी आहे,” तो म्हणाला. मग जिन्यात, तीन मजले उतरताना, त्याला आठवत गेलं. आठवत गेलं म्हणणं खोटं होतं. ते विसरलेलं नव्हतंच. दोन वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ. आईनं त्याला खोलीत बोलावलं, म्हणाली, ऐक. खोलीत दिवा अगदी बारीक होता. तिचा चेहरा दिसावा म्हणून त्यानं खुंटी फिरवून दिवा मोठा केला. आई म्हणाली, “गेला. बघ, तू आलास की थांबतो.” तेव्हा त्याचा हात खुंटीवरच होता. आणि त्याच्या मनात, इतक्या वर्षांच्या सवयीनं, आपोआप एक वाक्य उमटलं होतं: लोड वाढला की थांबतो. एवढंच. पापणी लवते तेवढा वेळ. पुढचं पाऊल टाकलं असतं तर खुंटी परत मागे फिरवायची होती. त्यानं ती फिरवली नाही. त्या पावलाच्या पुढे मास्तर होते, ते पान होतं, ‘याला म्हणतात डोकं’ होतं. तो आईला म्हणाला, “तुला भास होतो, आई.” भास हा शब्द त्या घरात पहिल्यांदा त्यानं आणला होता. डॉक्टरांनी तो नंतर वापरला.

पुढचे चार दिवस, सगळं सांगून टाकायचं असं तो रोज ठरवायचा आणि रोज काहीतरी आड यायचं. खरं तर आड काही येत नव्हतं. आई सुधारत होती. डॉक्टरनं गोळ्या एकदम नव्हे, टप्प्याटप्प्यानं बंद करायला सांगितल्या होत्या. तिनं एकदा आपणहून फोन उचलला. एकदा बायकोला म्हणाली, वर्गातला नकाशा फाटलाय म्हणत होतीस, चिकटवून देऊ का? बायको नकाशा घेऊन आली. दोघी जमिनीवर बसून नदीला नदी जुळवत होत्या, आणि गोळ्यांनी आईची बोटं अजून थरथरत होती, कागदाची कड हातातून निसटत होती. बायको पुन्हा पुन्हा ती तिच्या हातात देत होती. त्यानं दारातून पाहिलं. ही थरथर किती दिवसांत जाईल, असं त्यानं डॉक्टरांना विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, या वयात सगळं परत येईलच असं नाही.

पाचव्या दिवशी त्यानं ऑफिसातल्या कपाटातून ती फाइल काढली. पान तिथंच होतं. मास्तरांचं वळणदार अक्षर आणि खाली त्याची सही, त्या वेळची, शेवटच्या अक्षराला ऐटीत शेपूट काढलेली. फाइल घेऊन तो मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेला. साहेबांनी सगळं ऐकलं. “तक्रारी किती आल्यात?” त्यांनी विचारलं.

“तीस-एक. आपण सगळ्यांना एकच उत्तर दिलं, वस्तू नियमात आहे. मीच दिलं.”

“मग नियमात आहेच ना? अरे, आवाजानं कुणी मरतं का?”

“माझी आई दीड वर्ष गोळ्या खातेय,” तो म्हणाला.

साहेब वाईट गृहस्थ नव्हते. आईच्या हातचा चहा एकदा पिऊन गेले होते. “तू तुझ्या घरातलं इथं आणू नकोस,” ते हळू आवाजात म्हणाले. तो म्हणाला, “इथलंच मी घरी नेलं होतं, साहेब.” फाइल त्यानं टेबलावर ठेवली. सोबत एक पान लिहून आणलं होतं. काय केलं, कधी केलं, कुणी सही केली. त्यात मास्तरांचं नाव नव्हतं. साहेबांनी ते दोनदा वाचलं. पुढे व्हायचं ते सावकाश झालं. बनवणं थांबलं, दुकानांत पाटी लागली की मंद उजेडात आवाज येत असेल तर अडॅप्टर बदलून मिळेल, तीस तक्रारदारांना पत्रं गेली. पत्रांवर सही त्याची. आणि महिन्याभरानं त्याला आखणीतून काढून जुन्या फाइलींच्या कामावर बसवलं, त्याबद्दल त्यानं कुणाशी वाद घातला नाही. पण हे नंतरचं. त्या दिवशी तो केबिनमधून निघाला तो सरळ घरी आला, आणि बूट न काढताच आईच्या खोलीत गेला.

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. त्यानं सांगितलं. अडॅप्टर खराब नव्हता, माझा होता. वॉर्निश, कपॅसिटर, मास्तरांचं पान, सगळं. तो बोलत होता आणि आई घड्या घालत होती. एक्स्चेंजात तिला लोकांचं बोलणं मधे न तोडता ऐकायची सवय झाली होती. तो थांबला तेव्हा तिनं टॉवेल मांडीवर ठेवला.

“सात वर्षांपूर्वीचं कळलं,” ती म्हणाली. “कामात होतं असं. मला एक सांग. त्या संध्याकाळी तू इथं ऐकायला आला होतास. तेव्हा तुला माहीत होतं?”

“नाही.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. ओ द्यायला वेळ लावणारी ती बघण्याची पद्धत आता राहिली नव्हती.

“शंका आली होती,” तो म्हणाला. “क्षणभर.”

आईनं टॉवेल उचलला, त्याची घडी मोडली आणि पुन्हा घातली. म्हणाली, “‘मी आईला विचारायला हवं होतं,’ असं मला म्हणू नकोस. तू विचारायच्या आधीच मी सांगितलं होतं. तू आलास की थांबतो, म्हणाले होते.” आणि मग, “हे तिला सांगितलंस?”

“नाही.”

“मी त्या बिचारीबद्दल बहिणीला काय काय सांगितलंय, तुला कल्पना नाही. जा, तिला सांग. आत्ता.”

बायको स्वयंपाकघरात वह्या तपासत होती. त्यानं उभ्यानं सांगितलं. शंकेचंही सांगितलं, ते आधी सांगितलं, कारण शेवटाला ठेवलं असतं तर राहून गेलं असतं. ती ऐकता ऐकता एका वहीवर खूण करत होती, मग तिच्या लक्षात आलं की ती एकाच उत्तरावर पुन्हा पुन्हा बरोबरची खूण करतेय. तिनं पेन ठेवलं. “दोन वर्षं मी आरशात बघून विचारायचे, मी बोलताना माझा आवाज चिरका येतो का,” ती म्हणाली. “वर्गात मुलांना विचारलं होतं एकदा. हसली मुलं.” ती रडली नाही. तो काही म्हणणार होता. “आता लगेच माफी मागू नकोस,” ती म्हणाली. “मला मग काहीतरी म्हणावं लागेल.” वह्यांचा गठ्ठा उचलून ती आईच्या खोलीत गेली, आणि दार लावून घेतलं.

दोघी आत काय बोलल्या ते त्याला कुणी सांगितलं नाही. दोन दिवसांनी आईनं जेवताना जाहीर केलं की ती बहिणीकडे राहायला जाणार आहे. “पण आवाज तर गेला,” तो म्हणाला, आणि म्हणाल्याबरोबर ओशाळला. आई म्हणाली, “आवाज गेला म्हणून इथंच राहिलं पाहिजे, असं कुठं आहे? मला जरा तुझ्यापासून लांब राहू दे.” रागानं नाही, ताप उतरल्यावर माणूस बोलतं तशी. शनिवारी सकाळी टॅक्सी आली. त्यानं बॅग खाली नेली, मागं ठेवली. आईला हात देऊन बसवावं म्हणून तो पुढे झाला, तेवढ्यात बायकोनं तिच्या कोपराखाली हात घातला होता. बायको तिच्या शेजारी मागं बसली. तो पुढचं दार उघडायला गेला, तेव्हा ती काचेतून म्हणाली, “तू राहू दे. आम्ही जातो दोघी.” आईनं ड्रायव्हरला पत्ता सांगितला, स्पष्ट, ठासून, आकडे एकेक सुटे करत. टॅक्सी वळली.

वर येऊन त्यानं आईच्या खोलीची खिडकी उघडली. पलंगावरची चादर बायकोनं काढून नेली होती, गादी उघडी होती. तो तिच्या कडेवर बसला. दुपार झाली. खाली कुणीतरी गाडी धूत होतं, बादली फरशीवर सरकली, ती ऐकू आली. काय ऐकू येत नाहीये हे त्याला कळायला मार्ग नव्हता, आणि यापुढेही नसणार होता. जे कुणी सांगेल त्यावर विश्वास ठेवावा लागणार. फोन वाजला तेव्हा त्यानं तो पहिल्याच रिंगला उचलला.

“पोचलो,” बायको म्हणाली. मागं मावशीचं घर बोलत होतं, भांडी, कुणाचंतरी हसणं. “मी इथंच राहतेय दोन दिवस. सोमवारी शाळेतूनच घरी येईन.”

“बरं. आई?”

“बऱ्या आहेत. थांब.” तिनं फोनवर हात ठेवला असावा, दोन बायकांचं अस्पष्ट बोलणं आलं. मग पुन्हा तिचाच आवाज. “म्हणतायत, पुढच्या रविवारी ये. जेवायला ये. मुक्कामाला नको.”

“येतो,” तो म्हणाला. “किती वाजता, विचार.”